स्वतःची लाइन : बार्शी लाइटपासून क्लाउडपर्यंत

मागच्या आठवड्यात लातूरच्या एका ओळखीच्या संस्थाचालकांचा फोन आला. "तुम्ही नांदेडला हेच काम करता म्हणून विचारतो. आमचा सगळा हिशोब, सगळं रेकॉर्ड आता क्लाउडवर चाललंय. कंपनीवाले म्हणतात, थेट क्लाउडपर्यंत खासगी लाइन घ्या, कटकट मिटेल. खरंच मिटते का हो?"

फोनवर हो किंवा नाही म्हणता आलं नाही. कारण 'आपली स्वतःची लाइन' या प्रश्नाला आपल्या भागात सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. म्हणून हे लिहितोय. थोडं लांब झालंय, पण वाचा.

१८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही खासगी कंपनी. १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. आपले आजोबा-पणजोबा जिला 'बार्शी लाइट' म्हणायचे, ती हीच. लातूरच्या बाजारपेठेला बाहेरचा रस्ता मिळाला. पण मुंबईचा माल थेट मुंबईला जात नव्हता. कुर्डुवाडीला मोठ्या रुळांची लाइन होती. तिथं हमालांनी एकेक पोतं उतरवायचं आणि दुसऱ्या गाडीत चढवायचं. लाइन होती, पण ती कुर्डुवाडीत संपत होती.

नांदेडचंही वेगळं नव्हतं. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून हैदराबाद ते मनमाड मीटरगेज लाइन झाली. मुंबईकडचा माल मनमाडला उतरवावा लागायचा. ही अडचण १९९० च्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत राहिली.

लातूर-कुर्डुवाडी मार्ग २००८ मध्ये रुंद झाला. त्याचा खरा उपयोग एप्रिल २०१६ मध्ये कळला. दुष्काळात मिरजेहून 'जलदूत' आली ती याच मार्गानं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, म्हणजे ५ लाख लिटर पाणी. आणि आठवा, गाडी स्टेशनात आली म्हणून घरातल्या नळाला पाणी आलं नव्हतं. ते उतरवायचं, शुद्धीकरणाला न्यायचं, मग टँकर. शेवटचा तुकडा नेहमी वेगळाच असतो.

आता माहितीच्या लाइनीकडे येऊ. १९८० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं निकनेट जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलं. सरकारी कचेरीवरची सॅटेलाइटची छत्री ही आपल्याकडची पहिली खासगी डेटा लाइन म्हणायला हरकत नाही. १९९९ मध्ये बँकांसाठी इन्फिनेट आलं. तेही सॅटेलाइटवरचं, आणि त्याचं केंद्र होतं हैदराबादला. २००५ मध्ये केंद्रानं राज्यव्यापी नेटवर्कची योजना मंजूर केली. तालुक्यापर्यंत किमान २ एमबीपीएस देणार, असं त्यात होतं. आज हा आकडा वाचून हसू येतं. पण ६४ केबीपीएसच्या लीज लाइनवर दिवस काढलेल्यांना तेव्हा ते हसू आलं नव्हतं.

मग जून २०१६ मध्ये, जलदूत अजून धावत होती तेव्हाच, अ‍ॅमेझॉननं मुंबईत आपलं क्लाउड केंद्र सुरू केलं. मायक्रोसॉफ्टनं त्याच्या आदल्याच वर्षी पुणे, मुंबई आणि चेन्नईत केलं होतं. दोघांकडेही ग्राहकाला थेट जोडणारी खासगी लाइन मिळते.

ती असते कशी? बरेच जण समजतात की आपल्या ऑफिसातून क्लाउडच्या इमारतीत एक अखंड वायर जाते. तसं नसतं. क्लाउड कंपनी शहरातल्या ठरावीक डेटा सेंटरमध्ये आपलं पोर्ट ठेवते. नांदेडहून तिथपर्यंतची फायबर दुसऱ्या कंपनीकडून घ्यायची. क्लाउड कंपनी परवानगीचं पत्र देते, ते दाखवल्यावर त्या इमारतीतला कर्मचारी दोन रॅकच्या मधे एक केबल जोडतो. मग दोन्हीकडचे राउटर एकमेकांना रस्ते सांगू लागतात. मोठं पोर्ट १ किंवा १० जीबीपीएसचं असतं. छोट्या संस्थेला मधल्या कंपनीमार्फत ५० एमबीपीएससुद्धा मिळतात.

म्हणजे बघा, ती इमारत म्हणजेच आपली आजची कुर्डुवाडी.

फायदा काय? आपली माहिती सार्वजनिक इंटरनेटच्या गर्दीतून जात नाही, त्यामुळे लाइनचा वेग आणि विलंब स्थिर राहतो. पण लाइन खासगी आहे म्हणून माहिती आपोआप कुलूपबंद होत नाही. कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, वेगळं लावावं लागतं. हे विकणारा सांगेलच असं नाही.

आणि लाइन तुटते. हे मी अनुभवानं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं काम बघत होतो. हुशारी करून दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या होत्या. पावसाळ्यात रस्त्याचं काम चालू असताना एका दुपारी दोन्ही एकाच मिनिटाला बंद पडल्या. त्या दिवशी लोक पगाराचे पैसे काढायला आले होते. काउंटरवर रांग, आणि आत आम्ही हात बांधून बसलेलो. संध्याकाळी जेसीबीनं उकरलेल्या खड्ड्याजवळ लाइनमन भेटला. म्हणाला, "सायेब, कंपन्या दोन हायत, पण नाली एकच हाय की."

कागदावर दोन लाइनी होत्या, जमिनीत एकच. नकाशा मागायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. चूक आमचीच.

म्हणून त्या संस्थाचालकांना मी तीन प्रश्न दिले. लाइन नेमकी कोणत्या इमारतीत संपते? ती कोणत्या रस्त्यानं जाते, नकाशा दाखवा. आणि ती तुटली तर काम कशावर चालेल? तिन्ही उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय सही करू नका, म्हटलं. बजेट कमी असेल तर साध्या इंटरनेटवर व्हीपीएन आणि वेगळ्या रस्त्यानं आलेली दुसरी लाइन, एवढ्यावरही बऱ्याच संस्थांचं भागतं.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉननं हैदराबादलाही केंद्र सुरू केलं. नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्या अंतरावर आहे. फायबरमधून प्रकाशाला एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे तो फरक काही मिलिसेकंदांचाच. वेगासाठी त्याचं फार कौतुक नको. महत्त्वाची आहे ती दिशा. एक लाइन मनमाडकडून मुंबईला आणि दुसरी हैदराबादला नेली, तर एक जेसीबी दोन्ही तोडू शकत नाही. गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेनं या दोन दिशा आपल्याला शतकापूर्वीच दाखवल्यात.

राहिला जेसीबी. मार्च २०२३ मध्ये केंद्रानं खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप आणलं. आपल्या जिल्ह्यातले किती ठेकेदार खोदण्याआधी ते उघडतात? हा प्रश्न मनपाला, बांधकाम विभागाला आणि महामार्गवाल्यांना विचारायला हवा, आणि तो आपणच विचारायचा आहे. आता दवाखान्याची फाइल, पोराची फी आणि म्हातारीची पेन्शन, सगळं त्याच नालीतून जातंय.

तुमच्या भागात रस्त्याच्या कामात केबल तुटून किती वेळ काम बंद पडलं होतं? गाव आणि रस्ता कमेंटमध्ये लिहा. यादी झाली की निवेदन देऊ.