दिनविशेष : २१ सप्टेंबर १९९३

अमेरिकेतल्या ‘निर्वाणा’ या बँडचा ‘इन युटेरो’ हा अल्बम या दिवशी सीडी आणि कॅसेटवर तिथल्या दुकानांत आला. मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत सुमारे दोन आठवड्यांत तो ध्वनिमुद्रित झाला. आल्या आल्या बिलबोर्ड या नियतकालिकाच्या अल्बम-यादीत पहिला.

आधीच्या ‘नेव्हरमाइंड’ने बँडला अफाट यश दिले होते, तेच पुन्हा गिरवणे सोपे होते. पण बँडचा गायक कर्ट कोबेन याने मुद्दाम खरबरीत आवाज निवडला. ड्रम्स खोलीत वाजतात तसेच ऐकू येतात, आवाज फाटतो तिथे फाटू दिला आहे. (दोन गाणी मात्र नंतर दुसऱ्याच्या हातून थोडी घासूनपुसून घेतली गेली. तेवढी तडजोड झालीच.) त्याहून लक्षात राहतो तो ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी. लाखोंची विक्री समोर दिसत असताना त्याने रॉयल्टी साफ नाकारली. नळदुरुस्तीवाल्याला मिळावी तशी कामाची ठरलेली मजुरी घेतली, बस्स. गाणी बँडची, मग विक्रीतला वाटा आपल्याला कशाला, असा त्याचा रोकडा हिशेब. २०२४ मध्ये तो गेला, तेव्हा मृत्युलेखांतून या नकाराचीच आठवण पुन्हा निघाली.