वारी ठरलेली, वाट नाही

‘प्रशिक्षण व भेट’ योजना आमच्या कृषी खात्यात ऐंशीच्या दशकात आली, जागतिक बँकेच्या पाठबळाने. कल्पना इस्रायलच्या डॅनियल बेनॉर यांची. आम्हा कृषी सहाय्यकांनी ठरल्या वारी ठरल्या गावी जायचं, मोजक्या ‘संपर्क शेतकऱ्यां’ना सांगायचं, त्यांनी ते शेजाऱ्यांना.

तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याच्या सपाटीवर हे जमायचं. गाव एकवट, चार माणसं पारावर बसली की निम्मं काम झालं. डोंगराळ धडगावात शेजारी म्हणजे पलीकडच्या टेकडीवरचं घर! नाल्याला पूर आला की वेळापत्रक कागदावरच. शेवटी मी आठवडे बाजार धरला. सगळे पाडे तिथे आपसूक भेटत.

माझ्या पिशवीत संकरित ज्वारीच्या घडीपत्रिका, आणि समोर बायका आमचूर विकायला बसलेल्या. कैरी सोलायची, फोडी करायच्या, छपरावर नाहीतर खडकावर वाळवायच्या. पावसाचा एक शिडकावा झाला की फोडी काळ्या पडत आणि व्यापारी भाव पाडे. उन्हाळ्यातला घरखर्च त्यावर. त्यांना ज्वारीचं काय सांगणार, कपाळ!

1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी खात्यात ‘एक खिडकी’ आली: मृदसंधारण, फलोत्पादन, विस्तार, सगळं एकाच सहाय्यकाच्या गळ्यात. पुढे नव्या जिल्ह्यात कोळद्याला डॉ. हेडगेवार सेवा समितीचं कृषी विज्ञान केंद्र उभं राहिलं. तिथे शेतकरी आपणहून माती तपासायला आणतात, आणि नसेल पटत तर तोंडावर सांगतात.