थोरल्या दवाखान्यातील रिकामी खुर्ची

दिवाळीच्या तोंडावर आजारपणाच्या गोष्टी काढू नयेत, असे माझी आजी म्हणे. तिचा हा नियम आज मी मोडणार आहे. पण ज्या आजारपणाविषयी सांगायचे आहे ते तिच्याच घरातले असल्याने ती मला क्षमा करील, अशी आशा आहे.

1955 सालची गोष्ट. मी आठ वर्षांचा होतो. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात आत्याला रोज संध्याकाळी कणकण येऊ लागली, खोकला हटेना, आणि श्रावणातल्या मंगळागौरीला पिंगा घालताना ती मटकन खाली बसली. तिचे वय तेव्हा वीस. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला. फोटो आला आणि घरातली माणसे हळू बोलू लागली. ‘क्षय’ हा शब्द आमच्या घरात कोणी कधी उच्चारला नाही. ‘छातीचे’ एवढेच म्हणत. मात्र फळीवर एक पितळी थाळी आणि एक फुलपात्र वेगळे ठेवले गेले, आणि त्यांना हात लावायचा नाही अशी आम्हां मुलांना ताकीद मिळाली.

आत्याला मिरजेजवळ वानलेसवाडीच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात ठेवले. तिथे ती वर्षभर होती. दर रविवारी आजोबा मिरजेच्या गाडीने जात. पिशवीत दूध, केळी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंडी असत. आमच्या सोवळ्याच्या घरात अंडी कुठून येत आणि कोण आणी, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ती आजीच आणी, पदराखालून, मागल्या दाराने.

पुढे कॉलेजात असताना मी करवीर नगर वाचन मंदिरात काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वाचले. आनंदीबाईंची कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते दहा दिवसांत गेले, आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा ध्यास. हे सारे आपण शाळेत ऐकलेले असते. पण आनंदीबाईंच्या कथेतले आमचे कोल्हापूर मात्र फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. ही कथा इथूनच सुरू झाली आणि इथेच यायची होती.

गोपाळराव जोशी टपालखात्यात होते आणि बदली होऊन कोल्हापुरास आले होते. बायकोला बरोबर घेऊन ते उघड रस्त्याने फिरत, तेव्हा लोक दारांत उभे राहून हसत. इथल्या अमेरिकन मिशनशी त्यांचा संबंध आला, आणि बायकोला अमेरिकेत शिकवावे ह्या विचाराने त्यांनी 1878 साली कोल्हापुरातून पत्र लिहिले. कोल्हापुरात पुष्कळ वर्षे काढून स्वदेशी परतलेले मिशनरी वाइल्डर यांच्यापर्यंत ते पोचले. आधी ख्रिस्ती व्हा, ह्या धर्तीचे उत्तर आले. गोपाळरावांना ते मानवण्यासारखे नव्हते. पण वाइल्डरांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर ह्या बाईंनी तो 1880 साली दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचला. दातदुखीचा इतका चांगला उपयोग इतिहासात क्वचितच झाला असेल! पत्रे सुरू झाली, मावशी-भाचीचे नाते जुळले, आणि 7 एप्रिल 1883 रोजी अठरा वर्षांची आनंदी कलकत्त्याहून बोटीत बसली. गोपाळराव बरोबर नव्हते.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात तिने तीन वर्षे काढली. थंडी अशी की नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत म्हणून तिने गुजराती पद्धतीने लुगडे नेसायला सुरुवात केली. खोलीतली शेगडी नीट पेटत नसे आणि धूर मात्र भरून राही. मांसाहार करायचा नाही हा तिचा निश्चय. तेव्हा अभ्यास आटोपून आल्यावर स्वतः शिजवावे, नाहीतर तसेच निजावे. ताप, डोकेदुखी, खोकला ह्यांनी तिला पुरते घेरले होते. तरी 11 मार्च 1886 रोजी ती एम.डी. झाली. हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

आणि त्याच वर्षी कोल्हापूर दरबारने तिला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागाची प्रमुख नेमले.

हे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणजे आजचे छत्रपती प्रमिला राजे रुग्णालय. नवे लोक ‘सीपीआर’ म्हणतात. आम्ही जुनी माणसे अजून ‘थोरला दवाखाना’च म्हणतो. मेजर माँट ह्या वास्तुकाराने आखलेली ती काळ्या दगडाची देखणी इमारत टाउन हॉलजवळ आजही उभी आहे. 1886 साली ती नवीकोरी होती. शाहू महाराज अल्पवयीन होते आणि कारभार दुसऱ्यांच्या हाती होता. अशा काळात एका संस्थानाने सातासमुद्रांपलीकडे बसलेल्या एकवीस वर्षांच्या ब्राह्मण मुलीला एवढ्या अधिकाराची जागा देऊ करावी, ह्याचे मला आजही नवल वाटते. कारण उघड होते. बायका पुरुष डॉक्टरांपुढे येत नसत. दुखणे अंगावर काढत, बाळंतपणात मरत. इमारत होती, खाटा होत्या, औषधे होती. तपासणारी बाई तेवढी नव्हती.

16 नोव्हेंबर 1886 रोजी आनंदीबाई मुंबईस उतरल्या. लोकांनी हार घातले, पण त्यांना धड उभे राहवत नव्हते. पुण्यात वैद्यांचे उपचार झाले, पथ्यपाणी झाले. पुण्याहून कोल्हापूर दीडशे मैलांच्या आतबाहेर. आमच्याकडे रेल्वे यायला अजून पाच वर्षे होती. तो प्रवास त्यांच्याच्याने झाला नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या वारल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला होता. रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी त्यांच्या कुटुंबाच्या जागेत पुरली गेली.

हे वाचून मी त्या दिवशी वाचनालयातून निघालो तो सरळ घरी गेलो. आत्या माहेरपणाला आली होती आणि ओट्याशी बसून शेंगा फोडत होती. तिचाही रोग तोच. मग ही कशी जगली आणि ती का गेली?

त्या प्रश्नापायी पुढे मी जे जे हाती लागेल ते वाचले. मी डॉक्टर नाही. इतिहासाचा मास्तर आहे. त्यामुळे औषधांपेक्षा तारखा माझ्या लवकर लक्षात येतात. आनंदीबाई बोटीत बसण्यापूर्वी वर्षभर, 24 मार्च 1882 रोजी, रॉबर्ट कॉख ह्याने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला होता. म्हणजे त्यांना कशाने मारले हे त्या विद्यार्थिनी असतानाच जगाला कळलेले होते. पण कळून उपयोग काय? 1890 साली कॉखने आपल्याला औषध सापडल्याचे जाहीर केले. युरोपभरचे रोगी बर्लिनला लोटले. ते औषध फोल ठरले. पुढे त्याचा उपयोग रोग ओळखण्यापुरता झाला. एवढा थोर माणूस, पण त्यालाही घाई नडली. नंतरची पन्नास वर्षे इलाज म्हणजे डोंगरावरची हवा, विश्रांती आणि दूध.

1943 साली अमेरिकेत वाक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ ह्या त्यांच्या तरुण विद्यार्थ्याला मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. 1944 च्या नोव्हेंबरात मिनेसोटातल्या एका क्षयरोग्यांच्या इस्पितळात ते एका मरणोन्मुख मुलीला टोचायला सुरुवात केली. त्या मुलीचे वय एकवीस होते. ती बरी झाली, तिचे लग्न झाले, तिला तीन मुले झाली. हे वय मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. कॉखच्या व्याख्यानापासून ह्या सुईपर्यंत बासष्ट वर्षे गेली होती.

तरीही गोष्ट संपली नव्हती. इंग्लंडात युद्धानंतर औषध इतके थोडे होते की सर्वांना देणे शक्यच नव्हते. तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी 107 रोगी घेतले. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नुसती विश्रांती, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 पैकी 4 मेले. न मिळालेल्या 52 पैकी 14. हा निकाल 1948 साली छापला गेला आणि औषध पारखण्याची ती रीत जगभर रूढ झाली. पण त्यातच दुसरेही दिसले: एकटे स्ट्रेप्टोमायसिन दिले की जंतू त्याला सरावतो. म्हणून जोडीला दुसरे औषध हवे. आत्या वानलेसवाडीला सुईबरोबर ‘पास’ नावाची जी कडवट पूड तोंड वाकडे करून गिळत असे, तिचे कारण मला हे वाचल्यावर उमगले. तोपर्यंत ती आजोबांनी आणलेली शिक्षाच वाटे.

1956 च्या वसुबारसेला आत्या घरी आली. मी आणि आजोबा स्टेशनवर गेलो होतो. टांग्यात ती माझ्याशी एकसारखी बोलत होती. घरी चकल्या तळणे चालू होते. आजीने तिला ओवाळले, पोटाशी धरले, आणि फराळ वाढला तो त्याच वेगळ्या थाळीत. आत्याने थाळीकडे पाहिले. काही बोलली नाही. चकली मोडली आणि खाल्ली.

आजीला दोष द्यायचा नाही. तिने डोळ्यांदेखत दोन भावंडे ह्या रोगाने गेलेली पाहिली होती. पण त्याच वर्षी मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला होता. गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतल्या रोग्यांचे दोन भाग केले: काहींना इस्पितळात चांगले खाणे, विश्रांती आणि औषध, काहींना त्यांच्या घरीच नुसते औषध. 1959 साली निष्कर्ष आला, की घरी औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे होतात. आणि औषध सुरू असलेला रोगी घरात असल्याने घरच्यांना अधिक धोका पोचत नाही. जगभरची क्षयाची इस्पितळे त्यानंतर हळूहळू रिकामी झाली. ही बातमी आमच्या माजघरापर्यंत आली नाही. ती थाळी फळीवर पुष्कळ वर्षे तशीच होती. आत्याने लग्नात रुखवताबरोबर माहेरची सगळी भांडी नेली, ती मात्र नेली नाही.

आता आपल्या काळाकडे येतो. 1998 साली ह्या जंतूची सारी जनुकीय लिपी वाचून झाली. सुमारे 44 लाख अक्षरे आणि 4 हजार जनुके. आज जिल्ह्याच्या ठिकाणी थुंकीचा नमुना यंत्रात घातला, की सुमारे दोन तासांत रोग आहे की नाही आणि मुख्य औषध चालेल की नाही, हे जनुकावरून कळते. आणि वर्तमानपत्रांत आपण जनुकोपचाराच्या बातम्या वाचतो. सिकलसेलचेच पाहा. आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडील आदिवासींत हा रक्ताचा विकार पिढ्यानपिढ्या चालत आलेला. त्याचे मूळ रक्तातल्या एका रेणूत आहे हे पॉलिंग ह्यांनी 1949 साली दाखवले. जनुकात फेरफार करून केलेल्या उपचाराला पहिली मान्यता मिळाली 2023 च्या नोव्हेंबरात, इंग्लंडमध्ये. मास्तरकीच्या सवयीने मी बोटे मोजली: चौऱ्याहत्तर वर्षे! आणि अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. तेव्हा नंदुरबारच्या पोरापर्यंत ती सुई कधी पोचेल, ही मोजणी वेगळी करावी लागेल.

पण मला अधिक हलवून गेले ते त्याच 2023 सालचे दुसरे संशोधन. त्यात यंत्र नाही, जनुक नाही. झारखंडच्या चार जिल्ह्यांतल्या 2800 क्षयरोग्यांच्या घरी डॉक्टर अनुराग आणि माधवी भार्गव ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिधा पोचवला. रोग्याला सगळ्यांनीच दिला. पण निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही धान्य-डाळ दिली. त्या घरांत क्षयाची नवी लागण 39 टक्क्यांनी कमी झाली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले, असे रोगी मरणाचे प्रमाणही पुष्कळ घटले. हे वाचताना मला फिलाडेल्फियातली धुराने भरलेली खोली दिसली, आणि पदराखालची अंडीही.

थोरल्या दवाखान्यातली ती जागा पुढे कायमची रिकामी राहिली नाही. कोल्हापूरच्याच कृष्णाबाई केळवकर डॉक्टर झाल्या, शाहू महाराजांच्या साहाय्याने परदेशी जाऊन अधिक शिकून आल्या आणि त्यांनी ह्याच हॉस्पिटलात बायकांची सेवा केली. आत्या एक्याऐंशी वर्षे जगली. नातसुना तिला पाया पडायला वाकल्या की ती छातीवर हात ठेवून म्हणे, “एक फुप्फुस डागी आहे हो माझे, सांभाळून!”

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलाला खोकला झाला म्हणून त्याच्याबरोबर थोरल्या दवाखान्यात गेलो होतो. नमुना दिल्यावर वेळ होता. जुन्या दगडी व्हरांड्यातून हिंडताना एका तरुण सिस्टरना विचारले, 1886 साली इथला बायकांचा विभाग कुठल्या अंगाला होता, काही कल्पना आहे का? त्यांच्या दोन्ही हातांत कागद होते आणि मागे भुदरगडकडची एक म्हातारी सुनेला धरून उभी होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“आजोबा, केसपेपर काढलायसा का?”

नाही म्हटले, आणि म्हातारीला वाट करून दिली.