बदख्शानचा लाजवर्द

अफगाणिस्तानच्या ईशान्य कोपऱ्यात, हिंदुकुशातून उत्तरेस धावत आमूदर्येस मिळणाऱ्या कोकचा नदीच्या अरुंद खोऱ्यात, सर-ए-संग येथे लाजवर्दाच्या ज्या खाणी आहेत, त्या बदख्शानवर अंमल गाजवून गेलेल्या कोणत्याही राजवंशाहून प्राचीन आहेत. संगमरवराच्या थरांत सापडणारा, माक्षिकाच्या सोनेरी कणांनी चमकणारा हा निळा पाषाण इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातच मेसोपोटेमियातील ऊर नगरीच्या राजसमाध्यांत पोहोचला होता. त्याच्याच व्यापारावर दृष्टी ठेवून सिंधू संस्कृतीच्या लोकांनी आमूदर्येजवळ शोर्तुगाई येथे ठाणे वसविले, असे बहुतेक विद्वान मानतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनी पाचव्या शतकात भिंतींवर जो गर्द निळा रंग भरला, तोही लाजवर्दाच्याच चूर्णाचा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातील जॉन वूड हा अधिकारी 1837-38च्या हिवाळ्यात आमूदर्येचा उगम शोधीत या मुलखात आला, तेव्हा त्याने खाणीतील कामाची रीत नोंदवून ठेविली. खडकाखाली झुडपांच्या सरपणाचा जाळ करावयाचा, खडक पुरेसा तापून मऊ पडला की हातोड्यांनी त्याच्या कपच्या एकामागून एक उडवावयाच्या, आणि निळाई दृष्टीस पडताच तिच्याभोवती खोल खाच कोरून पहारीने तो तुकडा उचकटावयाचा, अशी ती रीत होती. निघालेल्या मालाची प्रतवारी नीली, आसमानी आणि हिरवट अशा तीन रंगांवर होई, आणि त्यांत नीली सर्वांत मोलाची.

वूडच्या काळाआधी हीच निळाई व्हेनिसमार्गे युरोपातील चित्रकारांच्या हाती जाई. नुसते दळलेले चूर्ण करडे दिसत असल्यामुळे ते राळ, मेण व तेल यांच्या गोळ्यात मळून, क्षारजलात चेपून त्यातील शुद्ध निळे कण वेगळे काढावे लागत. साहजिकच त्या रंगाला सोन्याच्या तोडीचा भाव येई. 1828च्या सुमारास फ्रान्समध्ये तोच रंग रसायनशाळेत बनू लागला आणि लाजवर्दाची ती मिरास संपली.

दागिन्यांसाठी मात्र मागणी राहिली, आणि तिच्यासोबत खाणींवरील हक्काचा तंटाही. कुंदूझचा सत्ताधीश मुराद बेग याने याच बदख्शानातील माणकांच्या खाणींचा वसूल कमी पडला म्हणून तेथील रहिवाशांना गुलामांच्या बाजारात विकले, असे वूड लिहितो. विसाव्या शतकाच्या अखेरीस लाजवर्दाच्या पैशावर अफगाण सेनानी अहमद शाह मसूदच्या फौजेचा खर्च काही अंशी भागत होता. सहा हजार वर्षांच्या या व्यापाराचा जमाखर्च मांडला, तर डोंगर फोडणाऱ्यांच्या वाट्यास मजुरी आणि घाट-नाके ताब्यात ठेवणाऱ्यांच्या वाट्यास धन, एवढाच निष्कर्ष निघतो.