कोड, कोढ आणि रक्तातली चिठ्ठी

मंडळी, आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे: ऑटोइम्यून त्वचारोग आणि रक्तात फिरणारे मायक्रो-आरएनए. आपण सुरुवात मात्र एका साध्या शब्दापासून करू. कोड.

नंदुरबारात कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. धडगावहून पुढे मध्य प्रदेशात बडवानीकडे गेलं, की हिंदीतला 'कोढ' म्हणजे महारोग. शब्द एकाच मुळाचे, संस्कृत 'कुष्ठ'चे. आयुर्वेदात कुष्ठ हे एकाच रोगाचं नाव नव्हतं, त्वचेच्या कितीतरी विकारांचं ते सामायिक नाव होतं. चरकसंहितेत पांढऱ्या डागांचं, म्हणजे श्वित्राचं वर्णनही कुष्ठाच्याच अध्यायात येतं. 'श्वेतकुष्ठ' हा शब्द त्याच घरातला.

1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांना महारोगाचे जंतू दिसले आणि शास्त्रात ही दोन घरं वेगळी झाली. कोडात जंतूच नाही. आपल्याच संरक्षक पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारतात, त्यामुळे तो लागत नाही. पण भाषेनं वाटणी मान्य केली नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते 2019 मध्ये वगळलं गेलं. कायद्यात कोडाचा उल्लेखही नव्हता. पण मुलीच्या हातावर पांढरा ठिपका दिसला, की सोयरीक मोडायला कायदा कशाला लागतो?

हा ठिपका ओळखायचा कसा? जुनी परीक्षा अजूनही चांगली आहे. डोळे मिटायला सांगून डागावर कापसाचा बोळा फिरवायचा. महारोगाच्या डागावर बहुधा स्पर्श कळत नाही, कोडाच्या डागावर कळतो. खर्च शून्य. कोड आता पसरणार की थांबणार, हे मात्र कापूस सांगत नाही. त्यासाठी रक्ताकडे वळावं लागतं.

1993 मध्ये व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रवकुन यांच्या प्रयोगशाळांनी एका इवल्याशा कृमीत जेमतेम बावीस अक्षरांचा आरएनए दाखवला. हे तुकडे प्रथिन बनवण्याचा निरोप अडवतात. सुरुवातीला बहुतेकांना ती कृमीची खासियत वाटली. 2000 मध्ये तसाच तुकडा माणसातही सापडला, आणि 2024 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. (एकतीस वर्षं! संशोधनाला पैसे देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.) 2007 मध्ये सोरायसिसच्या त्वचेत हे तुकडे बदललेले आढळले. 2008 मध्ये कळलं, की ते पेशीबाहेर, रक्तद्रवातही टिकून राहतात, कारण ते प्रथिनांना बिलगून किंवा इवल्या पिशव्यांत बसून फिरतात. त्वचेचा तुकडा न कापता रोगाची हालचाल कळेल, अशी आशा तिथून सुरू झाली. काही वर्षांतच कोडाच्या रुग्णांच्या रक्तद्रवातही काही मायक्रो-आरएनए वाढलेले सापडले. त्यात 16 क्रमांकाचा होता.

आता हा 16 क्रमांक जरा धरून ठेवा, कारण इथे आपला जिल्हा येतो. हाच तुकडा तांबड्या पेशींत भरपूर असतो. रक्त काढताना त्या पेशी फुटल्या, तर आकडा आपोआप फुगतो. प्रयोगशाळेत ही चूक ठाऊक आहे, नमुना लालसर दिसला की टाकून देतात. पण सातपुड्यातल्या आपल्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आहे. त्या आजारात तांबड्या पेशी सुईमुळे नाही, शरीरातच फुटत राहतात. अशा माणसाला कोडही असेल, तर वाढलेला आकडा कोडाचा की सिकलसेलचा? दुसरीकडच्या रुग्णांवर बसवलेली मोजपट्टी अक्कलकुव्याच्या रुग्णाला तशीच लावली, तर ती फसेल, असं आम्हाला वाटतं.

दवाखान्यात रोजच्या वापराची अशी चाचणी अजून कुठेच आलेली नाही, म्हणजे वेळ आहे. हा अभ्यास इथे करायचा झाला, तर नळीवर नाव-वयासोबत आणखी एक नोंद आधी हवी. सिकलसेल आहे, नाही, की वाहक.