व्यक्तिनामांची स्मृती

व्यक्तिनामांची स्मृती म्हणजे माणसांची नावे शिकण्याची व गरजेच्या वेळी आठवण्याची क्षमता होय. ती वयानुसार बदलते.

स्वरूप

विशेषनामाचा व्यक्तीच्या गुणांशी सहसा अर्थाने संबंध नसतो. एकच शब्द व्यवसाय म्हणून सांगितल्यास सहज आठवतो, आडनाव म्हणून सांगितल्यास मात्र अवघड जातो, असे मॅकवीनी व सहकाऱ्यांच्या १९८७ च्या प्रयोगात आढळले. मराठीत ‘सुतार’ हा असा शब्द आहे. सुतारकाम म्हटले की रंधा, करवत डोळ्यांपुढे येतात. आडनावातून तसे काही सूचित होत नाही.

वयानुसार फरक

साधारण साडेचार महिन्यांची बालके स्वतःच्या नावाचा ध्वनी इतर नावांपासून वेगळा ओळखतात, असे १९९५ च्या एका अभ्यासात दिसले. वार्धक्यात चेहरा व माहिती आठवते, पण नाव ओठांवर येऊन अडते. वापर कमी झाल्याने शब्दाच्या ध्वनिरूपाशी असलेला दुवा क्षीण होतो, असे स्पष्टीकरण बर्क व मॅके यांनी मांडले. अधूनमधून असे होणे हे केवळ त्यावरून स्मृतिभ्रंशाचे लक्षण मानले जात नाही.

सामाजिक संदर्भ

नवी मुंबईतील जुईनगरसारख्या नियोजित वसाहतीत निरनिराळ्या गावांतील कुटुंबे शेजारी राहतात. तेथे मुले ज्येष्ठांना काका, मावशी, आजी अशी हाक मारतात. त्यामुळे नावावाचून व्यवहार चालतो. मात्र न उच्चारलेले नाव पक्के होत नाही.

उपाय

नाव वाढत्या अंतराने स्वतः आठवून पाहिल्यास ते अधिक टिकते, असे लँडावर व ब्यॉर्क यांनी १९७८ मध्ये दाखवले.