आषाढ वद्य त्रयोदशी आणि जनाई

शताब्दीच्या अंकात इतिहासाचं काही लिहा, असं मंडळींनी सांगितलं. मी चौथी शिकलेला, पण कीर्तनापायी तिथ्या पाठ हायेत. त्यातली एकच घेतो.

आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२, म्हंजे इसवी सन १३५०. त्या दिवशी नामदेव महाराजांनी पंढरपुरात महाद्वारी समाधी घेतली. वय ऐंशी. तीच आपली नामदेव पायरी. जन्म आपल्या नरसीचा, कयाधूकाठचा. पंजाबात घुमानला मात्र महाराज तिथंच गेले असं मानतात. गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदं हायेत, तवा त्या लोकांनी हक्क सांगितला तर नवल नाही. आपण वारकरी पायरीच धरतो.

परंपरा सांगते, महाराज एकटे गेले नाहीत. राजाई, लेकरं, सगळं घर त्याच दिवशी गेलं. आणि घरची दासी जनाबाई पण. म्हंजे तिची पुण्यतिथी हीच.

जनाई गंगाखेडची. आपल्या धरणाखालची पूर्णा पुढं ज्या गोदावरीला मिळते, तिच्याच काठचं ते गाव. बाप दमानं लहानपणीच तिला पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आणून सोडलं. दळण, कांडण, शेण, पाणी करता करता तिनं अभंग रचले. साडेतीनशेच्या आसपास आज तिच्या नावावर हायेत. चाकरी करणाऱ्या बाईचं एवढं बोलणं सातशे वर्षं टिकलं, ही काय लहान गोष्ट हाय का?

पण तिथी एकच पडली, आणि मोठ्या नावाखाली लहान नाव झाकलं. त्रयोदशीला गावोगावी कीर्तन नामदेव महाराजांचं होतं, जनाईचं नाव एखाद्या दृष्टान्तापुरतं येतं. दुसऱ्या दिवशी चतुर्दशीला सावता महाराजांची पुण्यतिथी, ती वेगळी म्हणून नीट होते. शिवाय वारीहून परतून आठ-दहा दिवस झालेले असतात. सोयाबीन, हळदीत खुरपण चालू. ज्या बायांनी डोक्यावर तुळस घेऊन पंढरी गाठली, त्याच दिवसभर वाकून तण काढत असतात. दुपारच्या कीर्तनाला त्या येणार कशा?

म्हणून दिंडीच्या मंडळींना माझं मागणं हाय. त्रयोदशीला दुपारी फुलं पडतात तशी पडू द्या. रात्री नऊला, बाया रानातून येऊन, भाकरी-कालवण आटोपून बसतील तवा, दुसरं कीर्तन जनाईचं ठेवा. अभंग तिचाच घ्या. चाली बायांना येतात.